इतकी वर्षं उन्हाळी शिबिराला जाऊन मुलीला नेमकं काय मिळतं?

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही निपाणीजवळच्या गावातल्या. मुलगी चौथीत असल्यापासून दर मे महिन्यात मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, उन्हाळी शिबिराला जाते. यंदा तिनं दहावीची परीक्षा दिली आहे आणि आता तिला लहान मुलींच्या गटाची मदतनीस म्हणून जायचंय. वडील म्हणतात, इतकी वर्षं गाणी म्हटली, खेळली, बास झालं. पीयूला (अकरावी-बारावीला) सायन्स घ्यायचं तर सुट्टीत क्लास लावू. तुम्ही विचारलंय, या शिबिरांनी मुलीच्या वाढीत खरंच काही भर पडते का, की चार दिवस बरं वाटतं आणि संपतं?

मी खानापूर तालुक्यात आणि बेळगावच्या आसपास बरीच वर्षं अशी शिबिरं चालवते. आधी गटप्रमुख होते, मग स्वयंपाकघर सांभाळलं, आता सगळी आखणी बघते. माझं उत्तर असं: तिला पाठवा, आणि यंदा तर नक्की पाठवा. आजवर ती घेत आली. यंदा पहिल्यांदा तिच्यावर द्यायची पाळी येणार आहे. आणि बहुतेक मुलं नेमकी याच वळणावर गळतात. आठवी-नववीपर्यंत येतात, दहावीला क्लास लागतो, पुन्हा कधी दिसत नाहीत. मग पालक म्हणतात, शिबिराचा काही उपयोग झाला नाही. मुलाला शेवटपर्यंत जाऊच दिलं नाही, हे त्यांच्या लक्षातच येत नाही.

आपल्याकडे सुट्टीतली शास्त्रशाळा आणि शिबिर यांत गल्लत होते, म्हणून तेवढं सांगून पुढे जाते. शास्त्रशाळा म्हणजे सकाळी मंडळीच्या आवारात भरणारी. गाणी, गोष्ट, बायबलची वचनं पाठ करणं, हस्तकला, आणि दुपारी मूल घरी जेवायला. रॉबर्ट बोव्हिल या पाळकांनी, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूंनी, 1901 मध्ये न्यूयॉर्कच्या गल्लीबोळांतल्या मुलांसाठी ही पद्धत उभी केली आणि ती जगभर पसरली. निवासी शिबिराची परंपरा वेगळी. वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेनं 1885 मध्ये अमेरिकेत मुलांना सरोवराकाठी तंबूत नेलं, तिथपासून ती आजवर चालत आली आहे. शास्त्रशाळेत ज्ञान मिळतं, आनंद मिळतो, मी तिला कमी लेखत नाही. पण तिथे मूल रात्री आईजवळ झोपतं. मी ज्या वाढीबद्दल बोलते आहे तिचा मोठा भाग घराबाहेर काढलेल्या रात्रींत होतो.

पहिल्या रात्री सहसा कुणी रडत नाही, नवेपणाची गंमत असते. दुसऱ्या रात्री रडतात. दिवस संपलेला असतो, अंग दमलेलं असतं, शाळेच्या वर्गात बाक भिंतीला सरकवून सतरंज्या टाकलेल्या असतात, आणि मग कुठल्या तरी कोपऱ्यातून नाक ओढल्याचा आवाज येतो. एकीला ऐकून दुसरी सुरू होते. अशा वेळी ज्या मुलाला आईनं घरून निघताना ‘रडू आलं तर फोन कर, बाबा लगेच न्यायला येतील’ असं सांगितलेलं असतं, त्याला सावरणं सगळ्यात अवघड जातं. त्याचं सगळं लक्ष त्या फोनकडे लागतं. ज्याला ‘तुला आठवण येईल, आम्हालाही येईल, आणि तुला ते जमेल’ एवढंच सांगितलेलं असतं ते मूल तिसऱ्या दिवशी सकाळी लगोरीच्या डावात पुढे असतं. धाकट्या मुलाला पहिल्यांदा पाठवणाऱ्या सगळ्याच पालकांनी हे ध्यानात ठेवावं.

नऊ-दहा वर्षांच्या मुलाला त्या आठवड्यात मिळतं ते दिसायला किरकोळ असतं. आपलं ताट आपण घासायचं, ओला टॉवेल दोरीवर पसरायचा, बादलीभर पाण्यात आंघोळ आटपायची, नावडती आमटी मुकाट खायची. आमच्याकडे भांडी घासायची पाळी गटानं असते. बेळगावातल्या इंग्रजी शाळेतली मुलगी आणि जांबोटीकडच्या शेतकऱ्याची मुलगी एकाच नळापाशी बसतात. एकीनं घरी कधी तांब्या उचललेला नसतो, दुसरी डोळे मिटून परात लख्ख करते. पहिल्या दिवशी कोण कुणाला शिकवतं हे वेगळं सांगायला नको. संध्याकाळी वचन शोधायच्या खेळात उलटी गत होते. आपल्या मंडळ्यांतही गाव, पैसा, मेथडिस्ट की कॅथलिक, जुने ख्रिस्ती की नवे, अशा भिंती आहेत, हे आपण दोघीही जाणतो. उपदेशानं त्या हलत नाहीत. त्या नळापाशी थोड्या हलतात, आणि वर्षानुवर्षं एकत्र बसलं की आणखी हलतात.

तुम्ही ‘भर पडते का’ असं विचारलंत तेव्हा मला बायबलमधल्या शमुवेलाची आई आठवली. हन्नानं मुलाला शिलोच्या मंदिरात ठेवलं, आणि दर वर्षी ती त्याच्यासाठी लहानसा झगा करून घेऊन जायची. वर्षभर डोळ्यांआड असलेल्या मुलाचं माप तिला मनातल्या मनात काढावं लागत असणार. शिबिराचं तसंच आहे. आम्ही मुलाला वर्षातून एकदाच बघतो, म्हणून घरच्यांना न दिसलेला फरक आम्हाला दिसतो. मागच्या मे महिन्यात जो स्वतःचं नाव सांगताना खांबामागे लपत होता, तो यंदा नव्या मुलाला संडास कुठे, पाणी कुठे हे दाखवत फिरतो. एका वर्षाचं माप घेऊन मात्र काही कळत नाही. मधली दोन वर्षं तर मूल मागे गेल्यासारखंही वाटतं.

ती मधली वर्षं म्हणजे तेरा ते पंधरा. या वयात मुलं गाताना ओठ हलवत नाहीत, टाळ्या वाजवायला लाजतात, पाठीमागच्या रांगेत बसतात. पाळकांना वाटतं बिघडली. मला ती वर्षं फार मोलाची वाटतात, कारण त्याच काळात प्रश्न सुरू होतात. ‘आजीसाठी इतकी प्रार्थना केली, तरी ती का गेली?’ ‘माझी मैत्रीण गणपतीला जाते, ती माझ्यापेक्षा चांगली वागते, मग तिचं काय?’ घरी असं विचारलं तर गप्प बसवतात. मंडळीत विचारायची सोय नसते. शिबिरात गटप्रमुख विशीतली असते, रात्री पायरीवर बसून ती ऐकते, आणि उत्तर नसेल तर ‘मलाही हे अवघड जातं’ असं म्हणू शकते. शुभवर्तमानात लूक सांगतो की बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरूंच्या मध्ये बसून त्यांचं ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता. माझ्या गटप्रमुखांना मी दर वर्षी तो भाग वाचायला लावते, म्हणजे प्रश्न आला की त्या घाबरत नाहीत.

आता तुमच्या मुलीच्या टप्प्याबद्दल, म्हणजे सोळा-सतरा वर्षांबद्दल. इथे एक प्रसंग सविस्तर सांगते.

काही वर्षांपूर्वी खानापूरच्या बाजूला आमचं शिबिर होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वळीव आला. तुम्हाला आपला मे महिन्यातला वळीव माहीत आहे. आधी वारा, मग गारा, आणि करंट गेलेला. पत्र्याच्या छपरावर असा आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. मुलींच्या खोलीत दोन ठिकाणी गळायला लागलं. अथणीकडून आलेली एक आठ-नऊ वर्षांची मुलगी होती, घरी कन्नड बोलणारी, मराठी थोडीथोडकी कळणारी. ती भिंतीला पाठ लावून, टॉवेल तोंडाशी घट्ट धरून थरथरत होती. त्या गटाला पहिल्यांदाच मदतनीस म्हणून आलेली एक मुलगी होती, दहावी झालेली, तुमच्या मुलीच्याच वयाची. तिला कन्नड शाळेत विषय म्हणून होतं, पण बोलायची वेळ कधी आली नव्हती. ती टॉर्च घेऊन गेली, खाली बसली आणि म्हणाली, ‘अळबेड, बा इल्ली.’ रडू नको, इकडे ये. एवढंच तिला येत होतं. मग तिनं जेवणाची स्टीलची ताटं आणून गळतीखाली मांडली, आणि कुठल्या ताटात किती थेंब पडले हे मोजायला त्या पोरीला बसवलं. ‘ओंदु, एरडु, मूरु’ करत ती मोजायला लागली. ताट भरलं की दोघी मिळून ते दारातून बाहेर ओतायच्या. अर्ध्या तासात खोलीतल्या सगळ्या मुली गळती मोजत होत्या.

मी दारातच उभी होते, मुद्दाम आत गेले नाही. झोपायच्या आधी त्या मदतनीस मुलीनं प्रार्थना केली. आजवर तिनं पाठ केलेली प्रार्थना म्हटलेली मी ऐकली होती. त्या रात्री तिनं पत्र्याचं, वाऱ्याचं, त्या पोरीच्या गावी असलेल्या आईचं नाव घेऊन साध्या शब्दांत मागणं मागितलं, अडखळत, मधेच थांबत. सकाळी अंगणात मला गाठून म्हणाली, ‘बाई, मला कन्नडमधून प्रार्थना शिकवा की. तिला कळायला पाहिजे.’

ताई, मी ज्याला वाढ म्हणते ती ही. कितीही गाणी, किती वचनं पाठ करून हे झालं नसतं, आणि ती गाणी-वचनं नसती तर त्या रात्री तिच्याजवळ द्यायला काही नसतं. शिबिरार्थी असताना मूल ‘माझं काय’ याभोवती फिरतं; ते वयच तसं असतं. त्याच्या भरवशावर झोपणारं दुसरं लहान मूल आलं की त्याला आपलं पोट दुखतंय हे विसरावं लागतं. आणि ते विसरलं जातं, हे त्याला स्वतःलाच नवल वाटतं. आपल्या सीमाभागात याला आणखी एक बाजू आहे. पाट्या आणि मोर्चे बघत वाढलेल्या मुलांना समोरची भाषा म्हणजे समोरची बाजू असं वाटायला लागतं. दोन्ही भाषांतली मुलं एका खोलीत आठवडाभर राहिली की ते आपोआप सैल होतं. यासाठी मी गट कधीही भाषेवरून पाडत नाही, कितीही गैरसोय झाली तरी.

श्रद्धेच्या वाढीबद्दल माझं मत जरा कडक आहे. बऱ्याच शिबिरांत शेवटच्या रात्री शेकोटी असते, एक जोरदार संदेश होतो, मग ‘कोण आपलं जीवन प्रभूला देणार, उभे राहा’ असं आवाहन होतं. मुलं रडतात, उभी राहतात, आणि दुसऱ्या दिवशी अहवालात आकडा लिहिला जातो. काही मुलांसाठी ती रात्र खरंच निर्णायक असते, हे मी पाहिलं आहे आणि त्याबद्दल देवाचे आभार मानते. पण दमलेल्या, झोप अपुरी झालेल्या बारा वर्षांच्या मुलाला नरकाची भीती घालून उभं करणं मला मान्य नाही. भीतीनं दिलेलं वचन शाळा उघडेपर्यंतही टिकत नाही, आणि ते मोडलं म्हणून मूल स्वतःला अपराधी समजत राहतं. आमच्याकडे शेवटच्या रात्री गाणी आणि साक्षी, म्हणजे आपापले श्रद्धेचे अनुभव सांगणं, असतं. ज्याला बोलायचं त्यानं बोलावं, ज्याला गप्प बसायचं त्यानं बसावं. निर्णयाबद्दल मी जुलै-ऑगस्टमध्ये मुलांच्या घरी भेटायला जाते तेव्हा विचारते.

आपल्या बेळगावचंच उदाहरण आहे. मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी इथेच 1831 मध्ये जन्मले. लंडन मिशनरी सोसायटीचं काम इथे 1820 पासून होतं, त्यांच्या शाळेत ते शिकले, पुढे मुंबईला गेले. त्यांचा बाप्तिस्मा झाला 1854 मध्ये, बेळगावातच, वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या सुमारास. मधली कितीतरी वर्षं वाचन, वाद, ओढाताण यांत गेली, आणि ते सगळं त्यांनी आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणानं लिहून ठेवलं आहे. बाप्तिस्म्यानंतर तीनच वर्षांनी, 1857 मध्ये, ‘यमुनापर्यटन’ आलं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती. इतक्या बुद्धीच्या माणसाला इतका वेळ लागला, तर आपल्या पोरांना एका शेकोटीच्या रात्रीत सगळं कळावं ही घाई आपण कशाला करायची?

शिबिरानं जे होत नाही तेही तुम्हाला माहीत असलं पाहिजे. मार्क वाढत नाहीत. घरात भांडणं असतील तर ती मिटत नाहीत. उलट शिबिरातून परतलेल्या मुलाला ती जास्त बोचतात. मोबाइल आम्ही पहिल्या दिवशी जमा करून घेतो, पण घरी गेल्यावर आठवड्याभरात तो पुन्हा हातात येतो, तिथे घरानंच काही ठरवावं लागतं. आणि परत आल्यावर दोन-चार दिवस मूल उदास, चिडचिडं असतं. त्याला ‘शिबिरात हेच शिकलीस का?’ असं टोचून बोलू नका. एकत्र प्रार्थनेची, एकत्र जेवणाची सवय तुटल्याची ती हुरहुर असते. घरात रोज रात्री दहा मिनिटं एकत्र बसायची सवय त्याच आठवड्यात लावली तर ती टिकते. आमच्या मुलांमध्ये जे तिशीतही मंडळीत काम करताना दिसतात, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरी ही कौटुंबिक प्रार्थना होती.

आता तुमच्या मुलीला ज्या शिबिराला पाठवताय तिथे काही गोष्टी तोंडावर विचारा, संकोच करू नका. नऊ ते चौदा वयाच्या आठ मुलांमागे एक मोठी व्यक्ती आणि त्यापुढच्या वयात दहांमागे एक, असं अमेरिकन कॅम्प असोसिएशनचं निवासी शिबिरांसाठीचं प्रमाण आहे, आणि आपल्याकडे ते पाळायला काहीच अडचण नाही. यात सोळा वर्षांच्या मदतनीस मुलीला मोठ्यांत धरायचं नाही. तीही अजून मूलच आहे, तिच्यावरही लक्ष ठेवणारी एक प्रौढ बाई त्याच खोलीत हवी. कुठलाही मोठा माणूस एखाद्या मुलाबरोबर बंद खोलीत एकटा राहणार नाही, हा नियम लिहून ठेवलेला आहे का ते बघा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर 2012 च्या पॉक्सो या बालसंरक्षण कायद्यानं ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. ‘मंडळीतच मिटवू’ असं म्हणणाऱ्या शिबिराला मूल पाठवू नका. मुलांसाठीचा 1098 हा नंबर मुलीलाही पाठ असू द्या.

खानापूरच्या रानाजवळ शिबिर असेल तर सापाचा विचार आलाच. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते, बऱ्याचदा चावल्याचं कळतही नाही. म्हणून खाट असावी, नाहीतर मच्छरदाणी चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचलेली असावी, रात्री संडासला जाताना टॉर्च आणि सोबत असावी. सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे आणि रात्री गाडी कुणाची, हे आयोजकांना आधीच ठाऊक पाहिजे. चावलेल्या जागी चिरा द्यायचा नाही, आवळून बांधायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

मुलगी एखाद्या हिंदू किंवा मुसलमान मैत्रिणीला बरोबर नेते म्हणाली तर त्या मैत्रिणीच्या आईवडिलांना संपूर्ण कार्यक्रम दाखवून, प्रार्थना आणि शास्त्रवाचन असतं हे स्पष्ट सांगून, लेखी संमती घ्यायलाच हवी. लपवून कुणाच्या मुलाला नेणं हे त्या घराशी अप्रामाणिक आहे आणि आपल्या साक्षीलाही ते शोभत नाही.

राहता राहिला क्लासचा मुद्दा. कर्नाटकातल्या शाळांना एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत सुट्टी असते, महाराष्ट्रातल्या शाळा मे महिन्यात सुटून जूनच्या मध्याला उघडतात. चंदगड, गडहिंग्लजची मुलंही यावीत म्हणून आमच्यासारखी शिबिरं मेमध्येच बसवावी लागतात. म्हणजे तुमच्या मुलीचे पाच-सहा दिवसच जाणार आहेत. क्लासवाले उशिरा आलेल्या विद्यार्थ्याला घेतात, एक आठवडा भरून काढता येतो. मराठी माध्यमातून पीयूच्या इंग्रजी वर्गात जाऊन बसणाऱ्या मुलीला पहिल्या सहामाहीत सगळ्यात जास्त लागतं ते अनोळखी लोकांत तोंड उघडायचं धाडस, आणि त्याची तयारी त्या पाच-सहा दिवसांत जितकी होईल तितकी क्लासच्या बाकावर होणार नाही. हे तिच्या वडिलांना माझ्या नावानं सांगा.

त्यांना शिबिर बघायलाही न्या. समारोपाच्या दिवशी नको, त्या दिवशी नाटुकली, हारतुरे आणि फोटोच असतात. मधल्या एखाद्या दिवशी, आयोजकांना विचारून, दुपारी गटचर्चेच्या वेळेला न्या आणि लांबूनच बघू द्या, मुलीला कळवू नका. ती दहा-बारा वर्षांच्या मुलींना कशी हाताळते हे त्यांनी घरी पाहिलेलं नसणार. अर्जावर मदतनिसाच्या रकान्यात सही मात्र त्यांचीच घ्या, तुमची एकटीची नको. आणि दहावीचा निकाल बहुधा मेच्या पहिल्या पंधरवड्यात लागतो, तेव्हा दाखले, फोटो, आधारची झेरॉक्स एका फाइलीत लावूनच तिला पाठवा. नेमका त्याच आठवड्यात निकाल आला तर पीयूचा फॉर्म तुम्ही घरून भरू शकाल.